शिफ्ट पाच वेळा

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, ‘ओळख’ हा शब्द एका हाताने टाइप करून पाहा. ओ, ळ, ख. अक्षरं तीन, आणि तिन्हीसाठी शिफ्ट दाबून धरावं लागतं. मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं. वीस-बावीस वर्षं बोटं आपापलं काम करत होती आणि मी त्यांच्या कामात कधी डोकावलो नव्हतो. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यात पाय घसरला, उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. भाषांतराचं एक काम नेमकं अर्ध्यावर होतं आणि मुदत काही माझ्या हाडासाठी थांबणार नव्हती.

मग डाव्या हाताची सर्कस सुरू झाली. करंगळीने शिफ्ट दाबून ठेवायचं आणि त्याच हाताची तर्जनी ताणत ताणत ‘ख’पर्यंत न्यायची. ‘भाषा’मध्ये दोनदा शिफ्ट, ‘शाळा’मध्ये दोनदा, ‘आई’ म्हणायचं तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट, ‘क्षण’ लिहायला क्षणभर नव्हे, चांगला अर्धा मिनिट. तिसऱ्या दिवशी करंगळीच्या मुळाशी अशी कळ आली, की चिडून मी शिफ्टवर नुसतेच ठोसे मारले. त्या ठोशांची संख्या पाच भरली असावी. कारण तो ओळखीचा आवाज आला आणि पडद्यावर ती चौकट उगवली: स्टिकी कीज चालू करायच्या आहेत का?

ही चौकट मी आयुष्यात किती वेळा पाहिली असेल आणि किती वेळा न वाचता ‘नाही’ म्हटलं असेल, याला गणती नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं.

स्टिकी कीज म्हणजे चिकटणारी किल्ली. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट या किल्ल्यांना स्वतःचं अक्षर नसतं. त्या दुसऱ्या किल्लीचा अर्थ बदलतात, म्हणून एरवी दुसरी किल्ली दाबेपर्यंत त्या धरून ठेवाव्या लागतात. ही सोय चालू केली की शिफ्ट एकदा दाबून सोडायचं. पुढच्या अक्षरापर्यंत संगणक ते लक्षात ठेवतो. सलग दोनदा दाबलं तर ते अडकूनच राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने ‘ओळख’ हा शब्द कसरतीतून बाहेर पडून पुन्हा टायपिंगमध्ये आला. सहा किल्ल्या, एकामागून एक, एका बोटाने.

आता इथे मराठीपुरती एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुठे फारशी बोलली जात नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याला शिफ्ट लागतं ते वाक्याच्या सुरुवातीला, विशेषनामांना आणि काही चिन्हांना. इनस्क्रिप्टची रचना निराळी आहे. क आणि ख एकाच किल्लीवर, ग आणि घ एकाच किल्लीवर. खालच्या मजल्यावर अल्पप्राण, वरच्या मजल्यावर महाप्राण. काने-मात्रा-वेलांट्या शिफ्टशिवाय, पण अ ते औ हे सुटे स्वर सगळे शिफ्टसह. श, ष, ण, ळ हेही वरच्या मजल्यावर. रचना म्हणून ती फार देखणी आहे. वर्णमालेचं शास्त्र माहीत असलेल्या माणसाने मांडलेली आहे हे पाहताक्षणी कळतं, आणि भारतीय भाषांसाठी ती प्रमाण झाली ते योग्यच झालं. पण तिची किंमत करंगळी मोजते. मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत लिहिताना इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दोन किल्ल्या एकत्र दाबाव्या लागतात. म्हणजे स्टिकी कीजची गरज एखाद्या इंग्रजी टंकलेखकाला जितकी, त्याहून ती मराठीत लिहिणाऱ्याला अधिक. आणि नेमकं आपल्याकडेच तिला उपद्रव समजतात.

‘मग बोलून टाइप करा ना’ हा सल्ला मला त्या सहा आठवड्यांत घरच्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी दिला. करून पाहिलं. निरोपापुरतं ठीक आहे. करारनाम्याचं भाषांतर बोलून होत नाही, आणि झालं तरी ते शेजाऱ्यालाही ऐकू जातं. शिवाय ज्याला मेंदूच्या पक्षाघातामुळे हात नीट हलवता येत नाहीत, त्याचं बोलणंही अनेकदा स्पष्ट नसतं. त्याला हा सल्ला देणं म्हणजे लंगड्याला सायकल सुचवणं.

उपद्रव हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्या कुणालाही विचारा. शर्यतीचा किंवा गोळीबाराचा खेळ ऐन रंगात आलाय, धावण्यासाठी शिफ्टवर बोट आपटतंय आणि अचानक खेळ खाली, ती चौकट वर. तोपर्यंत गाडी दरीत किंवा आपण मेलेलो. कॅफेच्या मालकाला हाक मारली की तो येऊन एका झटक्यात ती सोय बंद करून टाकायचा, शॉर्टकटसकट. आमच्या पिढीत कित्येकांची समजूत होती की हा एक प्रकारचा व्हायरस आहे. मीही त्यातला. संगणक हळू चालतो, पेन ड्राइव्हमधून काहीतरी आलंय आणि शिफ्ट दाबलं की आवाज येतो, अशी तक्रार एका दमात सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

तिची धाकटी बहीण फिल्टर कीज, तिचं तर आणखी वाईट. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ती विचारते, चालू होऊ का? नवशिका इनस्क्रिप्ट टंकलेखक शिफ्ट दाबून ‘ढ’ कुठे आहे हे शोधत बसतो तेव्हा आठ सेकंद कधी गेले हे त्याला कळतही नाही. तो घाबरून एंटर मारतो. त्यानंतर किल्ली नेहमीसारखी पटकन दाबून सोडली तर अक्षरच उमटत नाही, कारण ती सोय ओझरते स्पर्श मुद्दामच सोडून देते. माणसाला वाटतं, कीबोर्ड मेला. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी अशा एका ‘मेलेल्या’ कीबोर्डच्या जागी नवा आणला. दुकानदाराने जुना तपासलाही नाही. नवाही तसाच वागू लागल्यावर गुरुजी माझ्याकडे आले. यातला विनोद असा की गुरुजींना कंपवाताची सुरुवात आहे. बोट किल्लीवर थरथरतं आणि ‘नमस्कार’च्या जागी ‘नननमस्कार’ उमटतो. फिल्टर कीज हे नेमकं त्यांच्यासारख्यांसाठीच बनवलेलं आहे. नीट बसवली तर एकाच किल्लीचे लागोपाठ चुकून बसलेले ठोके ती गाळून टाकते. ज्याला बिघाड समजून त्यांनी पैसे घालवले, तेच त्यांचं औषध होतं. फक्त मात्रा जुळवायची होती. ती आम्ही दोघांनी बसून जुळवली.

मग प्रश्न येतो की ही सोय अशी आगंतुकासारखी का येते? सेटिंगच्या पानावर गप्प बसून का राहत नाही? याचं उत्तर मला प्लास्टरमध्ये असताना समजलं. सेटिंगपर्यंत पोचणं हेच ज्याला कठीण आहे, त्याच्यासाठी सेटिंगमध्ये ठेवलेली सोय म्हणजे तिसऱ्या मजल्यावर ठेवलेली व्हीलचेअर. ती दाराशी हवी. आणि कीबोर्डवर दार म्हणजे एखादी अशी खूण, जी एका बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने करता येईल आणि इतर माणसं ती सहसा चुकून करणार नाहीत. पाच वेळा शिफ्ट ही ती खूण.

हे डोकं मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेग वँडरहायडन यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ट्रेस सेंटरमध्ये या सगळ्या सोयी आकाराला आल्या. आधी डॉससाठी वेगळ्या पॅकेटसारख्या, मग विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांसाठी जोड म्हणून, आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं तेव्हा थेट विंडोजच्या पोटात. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, कुणाची परवानगी नाही. जगातल्या कुठल्याही विंडोज संगणकासमोर बसायचं आणि पाच वेळा शिफ्ट दाबायचं. शाळेतला संगणक असो, बँकेतला असो, की मावसभावाच्या घरचा. ही कल्पना मला फार मोठी वाटते. आपल्याकडे दिव्यांग माणसाला बहुतेक सोयी अर्ज करून, दाखला जोडून, साहेब जागेवर असतील तेव्हा मिळतात. ही एक सोय अशी, की जिला दाखला लागत नाही.

म्हणून मी म्हणतो की तिचं उपद्रवी असणं आणि तिचं उपयोगी असणं या नाण्याच्या दोन बाजू नव्हेत, ती एकच बाजू आहे. ती सापडावी म्हणून ती अंगावर येते.

खेळणाऱ्यांची बाजू मात्र मी पूर्णपणे झटकणार नाही. चौकटीतला मजकूर वर्षानुवर्षं असा होता की वाचून काही बोध होऊ नये. ‘स्टिकी कीज चालू करायच्या का?’ म्हणजे काय करायचं का? त्यातून काय मिळतं, ते कुणासाठी, नको असेल तर पुन्हा विचारू नये यासाठी काय करायचं, हे एका साध्या वाक्यात सांगता आलं असतं. पूर्ण पडदा व्यापणारा खेळ चालू असताना ही चौकट वर येऊ देऊ नये, एवढी अक्कल खेळ बनवणाऱ्यांनाही दाखवता येते आणि काही दाखवतातही. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या खोलीत कुणी शॉर्टकट बंद केला तर माझं काही म्हणणं नाही. माझा भाचाही करतो. माझं भांडण आहे ते सार्वजनिक संगणकावर ती बंद करणाऱ्यांशी.

पण आधी एक जुनी गोष्ट. १८०८ च्या सुमारास इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने कॅरोलिना फँतोनी या दृष्टी गेलेल्या उमराव स्त्रीला स्वतःच्या हाताने पत्रं लिहिता यावीत म्हणून एक लेखनयंत्र बनवून दिलं. यंत्र उरलं नाही. तिने त्यावर लिहिलेली पत्रं उरली आहेत. टंकलेखन यंत्राच्या अगदी पहिल्या पूर्वजांपैकी हे एक. दुसऱ्या कुणाला तरी सांगून पत्र लिहून घेणं आणि स्वतः लिहिणं यात किती अंतर आहे हे त्या बाईला आणि त्या माणसाला कळलं होतं. पुढे १८७८ मध्ये रेमिंग्टनच्या दुसऱ्या यंत्रावर शिफ्ट आलं, त्यानंतर शिफ्ट दाबून धरायला नको म्हणून ते अडकवून ठेवणारी किल्ली आली, आणि तिचाच वंशज म्हणजे आजचं कॅप्स लॉक. कॅप्स लॉक म्हणजे दुसरं काय, एका प्रकारची चिकटणारी किल्लीच की! तिच्यामुळे पासवर्ड चुकतात, खाती लॉक होतात, लोक भांडल्यासारखे निरोप पाठवतात. पण कॅप्स लॉक उपटून टाका असं कुठल्याही कॉम्प्युटर क्लासवाल्याने म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. त्रास सहन करायचा की नाही हे आपण त्रासाच्या मापावरून ठरवत नाही, तो कुणासाठी आहे यावरून ठरवतो.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मांडणारी माणसं जाणती असतात. स्टिकी कीजची चौकट लॉगिनच्या पडद्यावरही उघडते. तिथे ती उघडली नाही तर पासवर्डमधलं मोठं अक्षर एका बोटाने टाइप कसं करणार? पण याच गोष्टीचा फायदा घेऊन, संगणक आधीच हाती लागलेला घुसखोर त्या सोयीची फाइल बदलून मागचं दार तयार करू शकतो. ही युक्ती फार जुनी आहे आणि सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळालेली आहे. त्यामुळे अनेक कार्यालयांत ‘सगळ्या ॲक्सेसिबिलिटी सोयी बंद’ असा सरसकट नियम असतो. माझं म्हणणं एवढंच की ज्याला सिस्टिमच्या फाइली बदलता येतात, त्याने घर आधीच फोडलेलं आहे. त्यावर उपाय डिस्क कूटबद्ध करणं, फाइलींवर नजर ठेवणं, यंत्र कुलपात ठेवणं हा आहे. चोर रॅम्पवरून आला म्हणून रॅम्प फोडायचा नसतो.

आता मूळ भांडण. महाराष्ट्रात परीक्षा संगणकावर आल्या त्याला बरीच वर्षं झाली. भरतीच्या परीक्षा, प्रवेशपरीक्षा, टंकलेखनाच्या परीक्षा. परीक्षा केंद्रातल्या यंत्रांवर कीबोर्ड बांधलेला असतो. काही किल्ल्या मेलेल्या, शॉर्टकट बंद, कारण उमेदवाराने परीक्षेच्या पडद्याबाहेर जाऊ नये. ते ठीकच. पण हे बंद करताना चाळणी कुणी लावत नाही. दुसरी खिडकी उघडणारा शॉर्टकट आणि शिफ्ट चिकटवणारा शॉर्टकट एकाच पोत्यात जातात. एक हात निकामी असलेल्या मुलाला मग सांगितलं जातं: तुला लेखनिक मिळतो ना, घे की.

लेखनिक मिळणं हा हक्कच आहे आणि तोही सहजासहजी मिळालेला नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं, की चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो तो टक्क्यांमुळे नव्हे. न्यायालयाने वाजवी तजवीज ही कल्पना त्यात मध्यभागी ठेवली: माणूस आणि त्याची अडचण पाहायची आणि त्या अडचणीपुरती व्यवस्था करायची. ज्याला लेखनिकाची गरज आहे त्याला लेखनिक. पण ज्याला केवळ शिफ्ट चिकटलेलं हवंय, त्याला माणूस कशाला? आपल्या डोक्यातलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेण्यात विचाराचा धागा किती वेळा तुटतो, हे मी त्या सहा आठवड्यांत बायकोला दोन पानं सांगून पाहिलं तेव्हा कळलं. तिसऱ्या पानाला आमचं भांडण झालं.

कायद्याची भाषाही हळूहळू इकडे येते आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं वेगळं कलम आहे, पण त्याखालचे नियम बऱ्याच अंशी ‘करावे’ या सुरातले. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. नियम क्रमांक १५ मधली मानकं नुसत्या शिफारशी ठरतात आणि ते मूळ कायद्याशी विसंगत आहे, म्हणून किमान बंधनकारक नियम वेगळे काढा, असं केंद्राला सांगितलं. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, पापण्या मिटता न येणाऱ्या व्यक्तीला बँकेच्या डिजिटल ओळखपडताळणीत ‘डोळे मिचकावा’ असं सांगितलं जात होतं. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालात स्पष्ट शब्दांत आलं. डोळे मिचकावता येत नाहीत आणि दोन किल्ल्या एकदम दाबता येत नाहीत, या दोन अडचणींची जात एकच. दोन्हीकडे यंत्राने एक शरीर गृहीत धरलेलं आहे.

त्यामुळे माझी मागणी मोठी नाही. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक संगणकावर, मग ते परीक्षा केंद्र असो, शाळेची लॅब, सार्वजनिक ग्रंथालय की आपले सरकार सेवा केंद्र, या तीन-चार सोयींचे शॉर्टकट चालू ठेवणं निविदेच्या अटींतच लिहावं. याला दमडी लागत नाही. सोय यंत्रात आहेच, ती बंद करण्याचे कष्ट तेवढे वाचवायचे आहेत. परीक्षेच्या सराव चाचणीत उमेदवाराला हे सेटिंग तपासता यावं, म्हणजे ऐन दिवशी पर्यवेक्षकाशी हुज्जत घालावी लागणार नाही. आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात, कॉपी-पेस्ट शिकवतो त्याच तासाला, पाच वेळा शिफ्ट दाबून दाखवावं. दहा मिनिटांचं काम आहे. त्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरी थरथरत्या बोटांचे आजोबा असतातच.

हे सगळं झालं तरी अर्धंच. कीबोर्ड नीट चालला आणि वेबसाइटच कीबोर्डला दाद देत नसेल तर काय? एक प्रयोग सुचवतो. माउस बाजूला ठेवा आणि तुमच्या रोजच्या कुठल्याही सरकारी किंवा बँकेच्या साइटवर नुसत्या टॅब किल्लीने फिरून पाहा. मी केलं, कारण डाव्या हाताने माउस धरणं मला जमेना. कुठे टॅब दाबत गेलं तर आपण नक्की कोणत्या रकान्यात उभे आहोत हेच दिसत नाही, कारण रकान्याभोवतीची चौकट डिझायनरला कुरूप वाटली म्हणून त्याने ती पुसली. कुठे तारखेच्या कॅलेंडरमध्ये शिरता येतं, बाहेर येता येत नाही. एका ठिकाणी पासवर्डसाठी पडद्यावरचाच कीबोर्ड सक्तीचा, त्यातली अक्षरं दर वेळी पिसलेली, आणि ती माउसनेच टिपायची. आंतरराष्ट्रीय मानकांत ‘सगळं कीबोर्डने करता आलं पाहिजे’ ही अगदी पहिल्या पायरीची अट आहे. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठीही २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. कागद आहेत, आणि अंध मित्र अजूनही फॉर्म भरायला पुतण्याला बोलावतो.

(अंध माणसाला तर माउसचा प्रश्नच येत नाही. त्याचं सगळं जग कीबोर्डवर. स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि तो किल्ल्यांनी फिरतो. कॅप्स लॉक चुकून दाबलं गेलं तर ‘टुक’ असा आवाज देणारी टॉगल कीज ही सोय त्याच्यासाठी आहे. डोळसांनीही ती चालू करून पाहावी, पासवर्ड वाचतील.)

आता एक पेच. वर मी गुरुजींचं उदाहरण दिलं, माझं दिलं, पासवर्डचं दिलं. म्हणजे पुन्हा पुन्हा हेच सुचवत राहिलो की बघा, ही सोय तुम्हालाही उपयोगी पडेल. सुगम्यतेच्या बाजूने बोलणारे सगळेच हा युक्तिवाद करतात. रेल्वे स्थानकावरच्या उतारावरून व्हीलचेअरपेक्षा चाकांच्या बॅगाच जास्त जातात, हे खरंच आहे. आयफोनच्या पडद्यावर तरंगणारं ते गोल बटण घ्या. २०११ मध्ये ते आलं ते बटणं दाबणं कठीण जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे लोकांनी होम बटण झिजू नये म्हणून ते सर्रास वापरलं. त्याला कुणी अपंगांची सोय म्हणून नाक मुरडलं नाही, कारण ते कुठल्या यादीतून आलं हे कुणाला माहीतच नव्हतं. विंडोजमध्ये मात्र या सोयींवर कित्येक वर्षं व्हीलचेअरचं चित्र होतं. ते चित्र पाहिलं की धडधाकट माणूस म्हणतो, हे आपलं नाही. आणि गुरुजींसारखा माणूस तर ठासून म्हणतो, हे आपलं नाही.

युक्तिवाद कामाचा आहे, पण मला त्याची धास्तीही वाटते. ‘सगळ्यांना उपयोगी’ हे समर्थन झालं, की जी सोय सगळ्यांना उपयोगी नाही तिचं काय? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांत तोंडातल्या काडीने टाइप करणारे किती असतील? मोजकेच. त्यांच्या सोयीने बाकीच्यांचा कसलाही फायदा होत नसेल, उलट खेळात थोडा व्यत्यय येत असेल, तरी ती तिथे असली पाहिजे. माझं मनगट जुळलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि मी पुन्हा दोन हातांनी ‘ओळख’ लिहू लागलो. माझ्यासारख्या पाहुण्याच्या अनुभवावर या सोयीचं समर्थन उभं करणं म्हणजे घरमालकाला पाहुण्याच्या शिफारशीवर घरात ठेवण्यासारखं आहे.

प्लास्टर निघाल्यावर घराजवळच्या एका सार्वजनिक अभ्यासिकेत गेलो होतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे सराव करतात. बारा संगणक आहेत. दारापासून तिसऱ्या यंत्रावर बसलो आणि पाच वेळा शिफ्ट दाबलं. काही झालं नाही. व्यवस्था बघणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “काका, ते बंदच ठेवलंय. कुणी वापरत नाही.”

“बंद असल्यावर वापरणार कसं?”

तो हसला. मुलगा चांगला होता. मी काय म्हणतोय ते त्याने ऐकून घेतलं, सेटिंग उघडलं आणि त्या एका यंत्रावर शॉर्टकट चालू करून दिला. मी दाबून पाहिलं, आवाज आला. शेजारचा मुलगा दचकून बघू लागला.

सोमवारी पुन्हा गेलो. तिथल्या यंत्रांना असं सॉफ्टवेअर लावलंय, की रात्री बंद करून सकाळी चालू केलं की सगळं पहिल्यासारखं होतं. कुणी काही बिघडवू नये म्हणून. तिसऱ्या यंत्रावर बसून मी मोजून पाच वेळा शिफ्ट दाबलं, मग आणखी पाच वेळा. तो मुलगा टेबलामागून म्हणाला, “काका, ते वरून करावं लागेल.” वरून म्हणजे कुणाकडून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं मिळून अर्ज लिहायला बसलो. त्याने टाइप केला, मी सांगत गेलो.